भाव न करता घेतलेलं कापड

आमच्या बाजारात पांढरं कापड आणि नवं मडकं भाव न करता घेणारं माणूस एकाच कामाला निघालेलं असायचं. त्याच्या घरी कोणीतरी गेलेलं असायचं. मर्तिकाच्या सामानाचा भाव करायचा नाही, दुकानदार सांगेल ते पैसे ठेवायचे, मडकं टिचकी मारून बघायचं नाही, आणि मागे न बघता घर गाठायचं, हा रिवाज आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत होता. मलाही माहीत होता. तेव्हा पुढे जे झालं त्याची चूक माझी आहे. ती मी आजवर कोणावर ढकललेली नाही.

माझी नात बंगलोरला भाषांचा अभ्यास करते. एकदा तिनं फोनवर विचारलं, आजी, तुमच्याकडे भाव करण्याला काय म्हणायचे? मग तिनंच मला सांगितलं की जपानी लोक म्हणे किंमत 'कापतात'. चिनी लोक भाव 'मागतात आणि परत करतात'. तुर्कांच्या शब्दात आख्खा बाजारच येऊन बसलेला आहे, आणि इराणात भाव करण्याला 'हनुवटी मारणं' म्हणतात. मी म्हटलं, बरं आहे, आपण घासतो. घासाघीस हा शब्द मला कधी वावगा वाटला नाही, पण इराण्यांचा शब्द जास्त पटला, कारण माझी माय भाव करायला लागली की तिची हनुवटी आधी वर व्हायची आणि मग तोंड उघडायचं. मी नातीला विचारलं, भाव न करण्याला कोणत्या भाषेत शब्द आहे का? ती म्हणाली, तसा शब्द कशाला लागेल, आजी? मी तिला जेवलीस का ते विचारलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

आमचं गाव सोनाळ्यापासून तीन कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याला. सोमवारी गावात बाजार भरे. डोंगरातले कोरकू चारोळी, डिंक, मध घेऊन खाली उतरत, आणि खालच्या गावांचे व्यापारी तो माल घ्यायला येत. बाबा या दोघांच्या मधे उभे राहत. थोडी शेती होती, पण घर चालायचं ते या उभं राहण्यावर. बाबांना कोरकूंची बोली कामापुरती येई, मारवाडी शेठांशी ते त्यांच्यासारखं बोलत, कापडवाल्या गफूरचाचाशी हिंदी बोलत, आणि कधीमधी तेलंगणातले मिरचीवाले आले तर त्यांच्याशीही दोन शब्द जुळवत. हे मिरचीवाले भाव करण्याला 'बेरम' म्हणत. शेठ 'भाव-ताव' म्हणत, चाचा 'मोलतोल'. घरी मला समोर बसवून बाबा सगळ्यांच्या नकला करून दाखवत. शेठ हसत हसत भाव पाडतो, तो हसायचा थांबला की समजायचं आता खरा आकडा आला. चाचा शपथा घेतो, तिसऱ्या शपथेपर्यंत थांबायचं. आपला वऱ्हाडी माणूस आधी मालाला नावं ठेवतो. आणि डोंगरातला माणूस एकदाच भाव सांगतो. पुन्हा विचारलं तर टोपलं उचलून चालू लागतो, आणि तो चालू लागला की गेलाच. बाकीचे चालू लागतात ते बोलावून घ्यायला. "पाठ दाखवली ना गोदे, तं मुंडी फिरवाची नाई. ज्यानं मुंडी फिरवली थो गेला," असं बाबा सांगत. माय चुलीपुढून ऐकत असे. तिला यातलं काही शिकवावं लागलं नव्हतं. ती कासाराशीसुद्धा हुज्जत घालायची, हातात बांगड्या चढलेल्या असताना.

त्या सोमवारी घरात चूल पेटली होती ती फक्त पाण्यासाठी. मी रात्रीची शिळी भाकरी तेल आणि ठेच्याबरोबर खाल्ली आणि तीही पूर्ण गेली नाही. माय आदल्या संध्याकाळपासून अडली होती. गावच्या सुईणीनं पहाटे हात टेकले. पोर पायाकडून येऊन राह्यलं, माह्या हातचं नाही, म्हणाली. सोनाळ्याला यमुनाबाई म्हणून एक बाई होती, दवाखान्यात काम शिकून आलेली. तिला आणा, म्हणाली, दुपारच्या आत आणा. बाबा दोन दिवसांपासून डोंगरात गेलेले. घरात मोठं माणूस म्हणजे माझी विधवा आत्या. तिनं उजाडायच्या आत गणपतची भाड्याची बैलगाडी यमुनाबाईला आणायला पाठवली. मग बाजार लागल्याबरोबर माझ्या हातात एक रुपया दिला. बाळंतिणीसाठी चार हात पांढरं कापड आणि वार पुरायला नवं मडकं. "धावत जाय अन् धावत ये," एवढंच ती बोलली. मी अकरा वर्षांची होते, चौथी पास झालेली. मायचं कण्हणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. पुढे ते ऐकू येत नव्हतं, पण माझ्या कानात ते थांबलं नाही.

गफूरचाचाकडे आमचं नेहमीचं येणंजाणं. मला बघून त्यानं गज उचलला. "कितना होना, गोदी?" मी म्हटलं, चार हात, पांढरं. "नौ आने." दर वेळी तो नऊ म्हणायचा आणि मी तीन म्हणायची, मग तो आपल्या पोरांची शपथ घ्यायचा. त्या दिवशी मी रुपया त्याच्यापुढे ठेवला. तो रुपयाकडे बघत राहिला. "बोल ना," म्हणाला. मी उभीच. मग त्यानं आवाज उतरवून विचारलं, "किसके लिये, बेटी?" मी म्हटलं, मायसाठी. त्यानं गज खाली ठेवला, कापड मोजलं नाही, हातानं टर्रकन फाडलं, चार हातांपेक्षा जास्तच. नऊ आण्यांच्या जागी पाच घेतले आणि बाकीचे माझ्या मुठीत दाबले. मला वाटलं, माझी घाई बघून त्याला दया आली. मर्तिकाच्या कापडावर तो नफा घेत नाही हे मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नाही. कुंभारणीकडे मी पहिलं हाताशी आलं ते मडकं उचललं, टिचकी न मारता. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाय माय, जाय." तरी माझ्या डोक्यात आलं नाही. पळताना एवढंच वाटत होतं की मडकं फुटू नये.

मध्यंतरी सून मला बुलढाण्याच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. कापड, भांडी, साबण, सगळं एकाच छपराखाली. माणसं रांगेत उभी, हातातल्या वस्तू पुढे ठेवतात, सांगतील ते पैसे देतात आणि गप निघून जातात. मला क्षणभर वाटलं, एवढ्या सगळ्यांच्या घरी आज काय झालं असेल? सुनेला सांगितलं तर ती हसली. तिला हसू आलं यात तिची चूक नाही.

घरी येऊन मी सामान आत्याच्या हाती दिलं. तिनं कापड पाण्यात घातलं आणि दार लावून घेतलं. मी ओट्यावर बसले आणि रस्त्याकडे बघू लागले. गणपतची गाडी एव्हाना दिसायला हवी होती. गाडी आली नाही. गल्लीच्या टोकाकडून रडण्याचा आवाज आला. तोंडावर पदर घेतलेली माझी सख्खी काकू येत होती. तीन वर्षं तिचं आणि मायचं बोलणं बंद होतं. वाटणीत दळायचं जातं आमच्याकडे आलं, त्यावरून एकमेकींची सात पिढ्यांची उणीदुणी काढून झाली होती, आणि तेव्हापासून ती आमच्या दारात उभी राहिली नव्हती. ती छाती बडवत थेट अंगणात आली आणि मातीत बसली. "गेली वं माह्यी बाई, एकटी टाकून गेली वं!" तिच्या मागून आणखी सहा-सात बाया. त्यांच्या मागे दोन-तीन पुरुष, मर्तिकाला येतात तसे उघड्या डोक्यांचे. सगळ्यांनी एकदम सूर लावला.

आत माय कण्हायची थांबली. मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, दमलेला. "कोन मेलं वं, वन्सं?"

"कोनी नाई मेलं. तू जोर लाव," आत्या आतून म्हणाली आणि दार उघडून बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "काऊन लडून राह्यल्या वं? कोन मेलं?"

रडणं एकेक करून थांबलं. काकूनं पदर बाजूला केला. "बाजारभर झालं ना वन्सं. पोट्टीनं कापड नेलं, मडकं नेलं, मोल केलं नाई. गफूरले तिनंच सांगतलं, मायसाठी म्हनून."

"जिती हाये थे!" आत्या ओरडली. "सोनाळ्याच्या बाईची वाट पाहून राह्यलो आम्ही!"

मग मागे उभ्या असलेल्या पुरुषांपैकी एक म्हातारा खाकरला. आमच्याच भावकीतला होता. खाली बघत म्हणाला, "गनपतची गाडी नाल्याजोळ भेटलती. मीच सांगतलं त्याले, का बाई गेली, आता कायले जाता म्हनून. थे वापस फिरले."

 आत्यानं माझ्याकडे बघितलं. "भाव केल्ता का तू?"

"नाई."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिनं हात उचललाही नाही. "पय," म्हणाली. "त्या गाडीले आन. नाईतं येऊच नको."

मी पळाले. गाडीवाटेनं जावं तर बाजारातून परतणारी माणसं थांबवून विचारत, पोरी, कधी गेली, कशानं गेली. म्हणून कापसाच्या वावरातून, पराट्यांमधून आडवी गेले. पायात काटे मोडले ते मी दोन दिवसांनी काढले. नाला ओलांडला, तिथे कोणी नव्हतं, ओल्या मातीत चाकं वळल्याची गोल खूण होती. आणखी अर्धा कोस गेल्यावर एका विहिरीवर गणपत बैलांना पाणी पाजत होता. गाडी सोनाळ्याकडे तोंड करून उभी. गाडीत काळी छत्री उघडून यमुनाबाई बसली होती, मांडीवर पत्र्याची पेटी.

मी तोंडातून शब्द निघेपर्यंत गाडीच्या दांडीला धरून उभी राहिले. मग सांगितलं की माय जिती आहे, चला.

यमुनाबाईनं मला नीट न्याहाळलं. चेहरा कठोर नव्हता, पण तिनं पेटी जवळ ओढली. "पोरी, मागच्या साली असंच एका गावी गेलते मी. बाई आधीच गेलती. घरच्यायनं सांगतलं नाई, मले आत ढकललं, अन् मंग म्हनाले का हिनंच मारली. दोन दिवस चावडीत बसवलं आम्हाले."

"अन् माह्ये बैल दोन दिवस उपाशी," गणपत म्हणाला. त्याला या सगळ्यात बैलांचंच दुःख जास्त होतं.

"जिती हाये. शपथ," मी म्हटलं.

"मेलेल्याच्या घरचे बी शपथच घेतात," यमुनाबाई म्हणाली. "जाय घरी."

गणपतनं बादली ठेवली. त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "वापस फिरलो तं दोन रुपये वर पडतीन. देतीन का तुह्या घरचे?"

सकाळच्या आख्ख्या भाड्यापेक्षा ते जास्त होते. "देतो," मी म्हटलं. "दोन देतो. काय घ्याचे ते घे, पन चाल."

 गणपतनं डोक्याचा पटका काढून हातात धरला आणि यमुनाबाईकडे वळला. "पाह्यलं का, बाई? त्या घरची पोट्टी दोन रुपये तोंडातून काढल्याबरोबर कबूल झाली. इची माय असती ना, तं दोन म्हनल्याबरोबर माह्या बैलायची जात काढली असती तिनं. नाई, घरी मढं हाये. पोरीच्या जिभीले समजते, मनाले नाई."

यमुनाबाईनं छत्री मिटली आणि म्हणाली, "जुंप."

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो पडायला मायचा जीव पणाला लागावा लागला, एवढी मी मंद. रडून उपयोग नव्हता, मेलेल्यांच्या घरची पोरं रडतातच. पाया पडून उपयोग नव्हता. मी दांडी सोडली, कमरेवर हात ठेवला आणि गणपतच्या बैलांकडे बघितलं.

"दोन रुपये? ह्या बैलायले?" माझा आवाज फाटला. मी पुन्हा म्हटलं, "डावा तं लंगडून राह्यला तुह्या."

"कोन म्हनते लंगडते?"

"मी म्हनते. नाल्यात पाह्यलं ना मी, एक खूर उथळ उमटला. जुवाखाली गळून पडीन थो. चार आने देतो."

"चार आन्यात तं मी तुह्या बापाले बी बसवनार नाई गाडीत!"

"माह्या बाप बसतच नाई ह्या खटाऱ्यात. सहा. अन् बैलायले पेंड."

"दीड रुपया," गणपत म्हणाला. त्यानं पटका परत डोक्यावर गुंडाळायला घेतला होता, ते मी बघितलं.

"ठेव मंग तुह्यी गाडी," मी म्हटलं आणि पाठ फिरवून गावाकडे चालू लागले.

इतकी वर्षं झाली, दोन बाळंतपणं, नवऱ्याचं आजारपण, एका पोराचं जाणं, सगळं बघून झालं. त्या चालण्याइतकी भीती मला पुन्हा वाटली नाही. मुंडी फिरवली की संपलं. दमानं चालायचं, पळायचं नाही, आणि मागे काय चाललंय ते बघायचं नाही. मागे बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजली. मग चाकाचा करकर आवाज आला. गाडी हलली होती. कुठल्या बाजूला हलली ते आवाजावरून कळत नव्हतं. सोनाळ्याकडे गेली असती तरी तसाच आवाज आला असता. मी चालत राहिले. डोंगरातल्या माणसांची आठवण आली, ती चालू लागली की कोणी बोलावत नाही. माझ्या डाव्या पायातून रक्त येत होतं आणि धुळीत पाऊल काळं उमटत होतं.

"ए पोट्टे!" गणपतचा आवाज. "बारा आने! चढ वर!"

मी तरी वळले नाही. "दहा," मी समोर बघत म्हटलं.

मागे यमुनाबाई मोठ्यानं हसली. "हाक, गनपत, हाक लवकर. इची माय जिती हाये."

अंगणात बाया तशाच बसलेल्या होत्या. रडायला आलेल्या बाईला न रडता परत जाता येत नाही आणि जित्या बाळंतिणीच्या दारात बसून राहणंही अशुभ, त्यामुळे त्या एकमेकींकडे बघत खुसपुसत होत्या. यमुनाबाई पेटी घेऊन आत गेली आणि आत्यानं पुन्हा दार लावलं. मला पाणी तापवायला बसवलं. एक घंगाळ झालं, दुसरं झालं. आतून मायचा आवाज येई, मग येत नसे. आवाज थांबला की अंगणातल्या बाया माना वर करत आणि मी चुलीत फुंकर घालायची विसरे. गोठ्याच्या भिंतीला टेकून काकू एकटीच बसलेली. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांत पहिला सूर तिनं लावला होता. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तरी ती हलली नाही. इतर बाया एकेक करून मागच्या बाजूनं निघून गेल्या.

दिवेलागणीच्या जरा आधी पोर झालं. मुलगी. पायाकडून आलेली, निळी पडलेली, यमुनाबाईनं उलटी धरून थापट्या मारल्यावर रडलेली. मुलगी म्हणून कोणी साखर वाटली नाही, पण ती आज सोनाळ्यात नांदते आणि माझ्यापेक्षा धडधाकट आहे. यमुनाबाई हात धुताना आत्याला म्हणाली, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. आत्यानं ते ऐकलं, माझ्याकडे न बघता घंगाळ उचललं आणि बाहेर गेली.

मी मायजवळ जाऊन बसले. ती पांढरी पडली होती, ओठांना चिरा. तिनं डोळे न उघडता विचारलं, "मोल केलं नाई म्हने तू?"

"नाई."

"हं." मग तिनं विचारलं, "कोन कोन आलंतं?"

मी नावं सांगितली. शेजारच्या दोघी, कुंभारणीची सून, पाटलाकडची म्हातारी, भावकीतले. ती ऐकत होती. शेवटी मी काकूचं नाव घेतलं, हळू.

मायनं डोळे उघडले. "थे आलती?"

"सगळ्यात आधी."

"लडली?"

"लय. छाती बडवून."

"खरी लडली का लोकायसाठी?"

मी दलालाची पोर. खोटं रडणं मला ओळखता येत होतं. "खरी," मी म्हटलं.

माय आढ्याकडे बघत राहिली. पोर तिच्या कुशीत कुंथत होतं. "गेली असन मंग घरी."

"नाई. गोठ्याजोळ बसली हाये. तवापासून."

"तवापासून?"

"हाव."

"अन् पानी देल्लं का कोनं तिले?"

कोणी दिलं नव्हतं. ज्या घरी कोणी गेलं आहे तिथलं पाणी पीत नाहीत, म्हणून आधी दिलं नाही, आणि नंतर कोणाच्या लक्षात आलं नाही.

"दे मंग," माय म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

मी तांब्या भरून गोठ्याजवळ नेला. काकूनं आधी तांब्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. रडून तिचे डोळे सुजले होते. "कोनं पाठोलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मायनं. तिनं पदर खोचला, तोंड वर केलं आणि सगळं पाणी एका धारेत पिऊन टाकलं. मग हाताच्या पाठीनं तोंड पुसलं, रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आनखी आन."